पाऊणकीचा हिशेब आणि शाळेचा प्रकल्प

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात याच सदरातून हायस्कुलातील आंतरविद्याशाखीय प्रकल्पांविषयी थोडे लिहिले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका विषयाच्या पुस्तकात सापडत नाही असा प्रश्न घेऊन दोन-तीन विषयांच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून काही आठवडे त्याचा पाठपुरावा करावा, एवढाच त्या भारदस्त शब्दाचा अर्थ असल्याचे तेथे म्हटले होते. त्यावर किनारपट्टीच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गासाठी ‘समुद्र’ हा विषय घेऊन एकत्रित प्रकल्प केला. मराठीच्या बाईंनी समुद्रावरच्या कविता म्हणून घेतल्या, चित्रकलेच्या सरांनी लाटा रंगवून घेतल्या, भूगोलाच्या सरांनी सागरतळाची प्रतिकृती करून घेतली आणि मी मिठाचे द्रावण करून दाखवले. प्रदर्शन सुरेख झाले आणि पालकांनी कौतुकही केले. परंतु मुले नवे काय शिकली असे मला कोणी विचारले असते, तर मला उत्तर देता आले नसते. आमचे कोठे चुकले?

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला फार बरे वाटले, कारण प्रदर्शनाच्या यशानंतर हा प्रश्न स्वतःला विचारणारे शिक्षक थोडे असतात. चूक मेहनतीत नव्हती. ‘समुद्र’ हा विषय झाला, तो प्रश्न नव्हे. विषय घेतला की प्रत्येक शिक्षक आपापल्या पुस्तकातले समुद्राचे पान उघडतो, ती पाने एका दालनात शेजारी शेजारी मांडली जातात, पण एका पानाला दुसऱ्याची गरज कधीच पडत नाही. आपल्या प्रकल्पातून कविता काढून टाकल्या असत्या, तर मिठाच्या द्रावणाचे काही बिघडले असते का? नसेल, तर ते विषय एकत्र आले नव्हते, केवळ एका छपराखाली बसले होते. प्रकल्प ठरवताना मी हीच कसोटी लावते : एक विषय वजा करून पाहावा, आणि तो वजा केल्यावर उत्तर अडले तरच त्याला प्रकल्पात घ्यावे.

आपल्या गावालाच लागू पडेल असे एक उदाहरण सविस्तर सांगते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगण्यासाठी घड्याळ किंवा मोबाईल लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते, हा त्यांचा नियम. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ असलेल्या पिढीला हा हिशेब चालता चालता करता येई. आता नववीच्या वर्गाला विचारावे : आजोबांचा हा नियम आपल्या जेट्टीवर किती खरा ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही आणि इंटरनेटवरही तयार मिळत नाही, कारण तो ‘आपल्या जेट्टीचा’ प्रश्न आहे. मुलांना आधी नियम माहीत असलेली माणसे शोधावी लागतात आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे लागते. हे मराठीचे काम, आणि कवितावाचनाहून ते कमी दर्जाचे मुळीच नाही. भरती, ओहोटी, सुकती, उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती), भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द त्या बोलण्यातून येतात. भूगोलाच्या पुस्तकातली ‘भांगाची भरती’ हीच आजीच्या बोलण्यातली भांग असल्याचे मुलांच्या ध्यानात येते, तेव्हा पुस्तक आपल्याच गावाबद्दल बोलत असल्याचा त्यांना प्रथमच अनुभव येतो. मग जेट्टीवर जाऊन प्रत्यक्ष भरतीच्या वेळा नोंदवाव्या लागतात, आणि पंचांगातली तिथी व घड्याळातली वेळ यांचा आलेख काढावा लागतो.

खरी गंमत आलेखात आहे. नियमाप्रमाणे दर तिथीला भरती ४५ मिनिटांनी पुढे सरकते. या हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच दुसऱ्या तिथीला, वद्य प्रतिपदेला, पाऊण वाजता (पावणेएक). म्हणजे एरवी पाऊण तास सरकणारी भरती त्या एका तिथीत दीड तासाची उडी घेते! समुद्र अशी उडी घेत नाही, हे जेट्टीवर बसणाऱ्या मुलांना दिसलेलेच असते. मग चूक कोठे आहे? अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र सूर्याच्या मानाने अर्धे वर्तुळ मागे पडतो, तेवढ्या काळात भरती बारा तास सरकते, आणि बारा तासांचे पंधरा भाग केले तर एका तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात. आजोबांनी सोयीसाठी ४५ धरली, आणि दर तिथीला राहिलेली तीन-तीन मिनिटे साठत जाऊन पक्षाच्या शेवटी पाऊण तासाची थकबाकी झाली, जी नियमाने एका उडीत फेडली. पाऊणकी तोंडी येते, चार-पंचमांश पट तोंडी करणे अवघड, म्हणून सोपा नियम टिकला. विद्यार्थ्याने हे स्वतःच्या आकड्यांवरून शोधून काढले, तर रेषेचा चढ म्हणजे काय हे त्याला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

याच्या पुढेही खोल जाता येते. एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचे अंतर वाढण्यास लागणारा काळ. तो नेहमी सारखा नसतो, म्हणून तिथीचा क्षय होतो किंवा वृद्धी होते. भरतीचे सरकणेही रोज सारखे नसते : उधाणाच्या दिवसांत ते कमी असते, तर भांगाच्या सुमारास भरती आदल्या दिवसापेक्षा तासाहून अधिक उशिरा येऊ शकते. शिवाय खाडीच्या मुखाशी भरती आधी लागते आणि खाडीत आत जावे तशी उशिरा, त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन गावांचे नियमही जुळणार नाहीत. वर्ग किती खोल जाईल हे शिक्षकांनी पाहून ठरवावे. सगळ्यांनी शेवटापर्यंत गेलेच पाहिजे असे नाही.

माझ्या नोकरीच्या काळात आम्ही हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा फसलो होतो. दर दहा सेंटिमीटरवर रंगाचे पट्टे ओढलेला बांबू आम्ही अष्टमीच्या दिवशी, म्हणजे नेमका भांगाच्या दिवसांत, जेट्टीच्या कडेला रोवला. तेव्हा पाण्याचा चढउतार कमी होता, म्हणून तळ पुरेसा खाली आहे असे वाटले. पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी बांबूच्या तळाच्याही खाली उतरले आणि आमचा बांबू चिखलात कोरडा उभा राहिला. वहीत तीन तासांच्या रकान्यांत मुलांनी ‘पाणी नाही’ असे लिहिले. मी खजील झाले होते, पण एका मुलीने विचारले, “बाई, मग शून्य कुठं धरायचा?” त्या प्रश्नाने पुढचे दोन आठवडे आम्हाला पुरले. जमिनीची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात, मात्र सागरी नकाशावरची खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, आणि असे का, हे त्या वर्गाला नावाड्याच्या बाजूने विचार करून समजले : नकाशात दाखवलेल्यापेक्षा पाणी कमी निघाले तर होडीचा तळ घासतो, जास्त निघाले तर काही बिघडत नाही.

या प्रकल्पात इतिहास लागत नाही, म्हणून इतिहासाच्या शिक्षकांना ओढूनताणून आणू नये. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर नेमके खाडीच्या मुखाशी का वाढले, हा वेगळा आणि सुंदर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी तो घ्यावा आणि तेव्हा भरतीची हीच वही इतिहासाच्या तासाला उघडावी.

शेवटी, उत्तर कोणाला तरी हवे असले पाहिजे. प्रदर्शनाऐवजी मुलांनी पुढच्या महिन्याच्या भरतीच्या वेळा स्वतःच्या दुरुस्त नियमाने काढून जेट्टीजवळ एका फळ्यावर लिहाव्यात, वर ‘शाळेचा अंदाज’ असे ठळकपणे नमूद करावे आणि खाली अधिकृत भरती-ओहोटी तक्त्यातल्या वेळाही द्याव्यात. अंदाज चुकला तर होडीवाले काका थांबून सांगतील, आणि त्या सांगण्याला परीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक वजन असेल. नोंदी मात्र दिवाळीनंतरच घ्याव्यात, पावसाळ्यात कधीही नाही. मुले जेट्टीवर बसतील, खाडीच्या चिखलात उतरणार नाहीत, आणि सोबत दोन मोठी माणसे असतील, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा.

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणच्या एका शाळेत नववीत आहे. प्रकल्प म्हटला की आमच्या घरी थर्माकोल, रंगीत कागद आणि रात्रीचे जागरण असते, आणि शेवटी तो मी आणि तिची आई मिळून पूर्ण करतो. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा आहे. असल्या प्रकल्पांत वेळ गेल्याने तिचे गुण कमी होतील अशी आम्हाला काळजी वाटते. ही काळजी चुकीची आहे का?

उत्तर : आपली काळजी चुकीची नाही. दहावीला बहुतेक मुख्य विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. लेखी परीक्षेत मुलीला एकटीने, ठरावीक वेळात, न पाहता लिहायचे आहे, आणि त्यासाठी सराव लागतो. प्रकल्पाने सरावाची जागा भरून निघत नाही. २००६ साली किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी असे मांडले होते की, ज्याला विषयाची पुरेशी ओळख नाही त्याला ‘स्वतः शोधून काढ’ म्हणून मोकळे सोडल्यास तो फारसे शिकत नाही, त्याला स्पष्ट मार्गदर्शन द्यावे लागते. त्यावर बराच वाद झाला, पण वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला त्यातला मुख्य मुद्दा पटतो. चांगल्या प्रकल्पात शिक्षक बाजूला होत नाहीत. नेमके आलेखापाशी अडले की गणिताचे सर काम थांबवून दोन तास आलेख शिकवतात, आणि मग काम पुढे जाते. म्हणून माझे मत असे की, मोठा प्रकल्प नववीत करावा आणि दहावीच्या दिवाळीनंतर कोणताही नवा प्रकल्प हाती घेऊ नये.

परंतु आपल्या घरी जे होते, तो प्रकल्प नव्हे. जे आई-वडिलांना रात्री बसून पूर्ण करता येते, ते मुलीचे शिकणे असू शकत नाही. शाळेत जाऊन नम्रपणे एवढेच सांगावे की, काम शाळेच्या वेळेत आणि गावातच करून घ्यावे, घरी केवळ वही यावी.

आपल्या शहरातलाच एक विषय सुचवते. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते, याच्या खुणा अजून कित्येक भिंतींवर आणि त्याहून अधिक लोकांच्या आठवणीत आहेत. ‘आमच्या आळीत पाणी कोणत्या बाजूने शिरले, आणि आधी कोणाच्या उंबऱ्याला लागले?’ एवढाच प्रश्न नववीच्या वर्गाने घ्यावा. वेगवेगळ्या घरांवरच्या खुणांची उंची जमिनीपासून मोजून उपयोग नाही, कारण जमीनच उंचसखल आहे. येथे गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी कामाला येते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, हा विज्ञानाच्या पुस्तकातला नियम. त्याच्या आधाराने घरामागून घर एकमेकांशी जोडत गेले की सगळ्या आळीची चढउताराची आकृती कागदावर उतरते. मुले गवंडीकाकांकडून ते शिकतील, आणि गवंडीकाका त्या दिवसापुरते शिक्षक होतील. पाण्याची वेळ लोकांना विचारावी लागेल. सात वाजता आले म्हणणारे एक घर आणि पाच वाजता आले म्हणणारे शेजारचे घर, यांतले कोणाचे ग्राह्य धरायचे, हा इतिहासाचा जुना प्रश्न मुलांपुढे उभा राहील. वाशिष्ठीचे पाणी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, आणि खाडीत भरती असली की नदीच्या पाण्याला उतरायला अडथळा होतो, त्यामुळे त्या दिवशीच्या भरतीच्या वेळाही तपासाव्या लागतील. तयार झालेला नकाशा आळीतल्या लोकांना आणि नगरपरिषदेला द्यावा. पुढच्या वेळी गाडी कोठे नेऊन लावायची, म्हाताऱ्या माणसांना आधी कोणत्या घरातून हलवायचे, हे त्यावरून ठरू शकेल.

येथे एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. त्या पुरात अनेक घरांनी माणसे आणि आयुष्याची कमाई गमावली आहे. एखाद्या घराने बोलण्यास नकार दिला तर मुलांनी आभार मानून परत यावे, आणि वर्गातल्या ज्या मुलाला हा विषय नको असेल त्याला कारण न विचारता दुसरे काम द्यावे.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका छोट्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. पट कमी असल्याने संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार मिळणाऱ्या शिक्षकांच्या सरकारी मंजुरीत, शिक्षकही मोजकेच मिळाले आहेत आणि एकेक शिक्षक दोन-तीन विषय शिकवतो. तासिका ३५ मिनिटांची. अशा शाळेत हे प्रकल्प कसे बसवावेत? की हे शहरातल्या मोठ्या शाळांसाठीच आहे?

उत्तर : मला वाटते, आपली शाळा या कामाला अधिक सोयीची आहे. मोठ्या शाळेत पाच शिक्षकांना एका वेळी एका खोलीत बसवणे हेच सर्वांत अवघड काम असते. आपल्याकडे विज्ञान आणि गणित एकाच शिक्षकाच्या डोक्यात आहे, भूगोल आणि इतिहास दुसऱ्याच्या, आणि दोघे एकाच दुचाकीवरून शाळेत येत असतील.

अडचण आहे ती ३५ मिनिटांची. तेवढ्या वेळात मुले फाटकाबाहेर पडून परत येतात, एवढेच होते. म्हणून आठवड्यातली एक दुपार मोकळी काढावी. त्या दुपारच्या तासिका ज्या विषयांच्या असतील त्याच विषयांचा प्रकल्प घ्यावा, म्हणजे कोणाचाही तास बुडत नाही. यातले काहीही नवे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तेथून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यात मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात. फिनलंडने विषयच रद्द केले अशी बातमी अधूनमधून फिरत असते, तीही खरी नाही. तेथील २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात विषय तसेच आहेत, केवळ प्रत्येक शाळेने वर्षातून निदान एकदा अनेक विषयांना जोडणारा अभ्यास घ्यावा अशी अट आहे. वर्षातून एकच, पण नीट, असे ठरवले तरी पुरे. आपल्याकडील २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. आपल्या शाळेत हे वर्ग असतील तर नववीतल्या मोठ्या कामाची तयारी त्या दिवसांत करून घेता येईल.

कोकणचे वर्ष ध्यानात घेऊनच काम ठरवावे. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, गणपतीत गाव घरी असते, शिमग्यानंतर परीक्षा. दिवाळी ते जानेवारी एवढाच खरा मोकळा काळ. विहिरींच्या पातळीसारखा जो अभ्यास वर्षभर चालायला हवा, त्यासाठी दर सोमवारी दोन मुलांनी गाठी मारलेली दोरी सोडून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहावे. दहा मिनिटांचे काम आहे. इतका प्रचंड पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात आपल्या वाड्यांवर टंचाई का येते, याचे उत्तर जांभ्या दगडातून पाणी किती लवकर झिरपून निघून जाते यात आहे, आणि ते उत्तर त्या वहीतल्या उतरत्या आकड्यांतून मुलांना स्वतः वाचता येईल.

आणखी एक. आपल्या तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे येथे कातळशिल्पे, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे, आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. दोऱ्यांची चौकट आखून त्यातले एक चित्र प्रमाणात कागदावर उतरवणे, हे भूमिती, चित्रकला आणि इतिहास यांचे एकत्र काम आहे. मात्र रेषा नीट दिसाव्यात म्हणून त्यांवर खडू किंवा रांगोळी घालू नये, आणि जागेच्या मालकांची परवानगी घेऊनच जावे. दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठ ‘क्षेत्रभेट’ हाच आहे, आणि त्या पाठातली सहल नळदुर्गहून निघून अलिबागला समुद्रापाशी येऊन थांबते. आपल्या मुलांना समुद्र पाहण्यासाठी एवढे लांबून यावे लागत नाही. त्यांची क्षेत्रभेट गावच्या सड्यावरच, या कातळाच्या पठारावरच, होऊ शकेल.

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासेमारी करतो. माझ्या मुलाच्या शाळेतून बंदरावरच्या लिलावावर प्रकल्प करण्यासाठी मुले आली होती. मुलगा लाजून मागे उभा होता. त्याने होडीवर येऊ नये म्हणून मी त्याला शाळेत घातले; शाळा त्याला फिरून बंदरावरच आणणार असेल, तर मग शाळा कशाला?

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. हा प्रश्न नवा नाही आणि त्याला हलके लेखणे योग्य होणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण द्यावे असा विचार मांडला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला, आणि मुलांच्या हातच्या वस्तूंतून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेवर त्या काळीच कडक आक्षेप घेतले गेले. ज्यांच्या पिढ्या एकाच कामात जुंपल्या गेल्या, त्यांना ‘शाळेतही तेच काम’ हे ऐकून धास्ती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पुस्तक म्हणजे सुटकेची वाट, असे मानणाऱ्या बापाला मी चूक म्हणणार नाही.

म्हणूनच शिक्षकांनी येथे फार जपून वागले पाहिजे. आपला मुलगा लाजला, यात दोष त्याचा नव्हे. त्याला त्या दिवशी बहुधा ‘ज्याच्या घरचे मासे बघायला आलो तो’ एवढीच जागा मिळाली होती. बंदरावरचा प्रकल्प करायचा तर डॉक्टरांच्या आणि बँकेतल्या साहेबांच्या मुलांनीही पहाटे टोपल्या मोजाव्यात, आणि हिशेब मांडण्याचे, आलेख काढण्याचे, लिहून वाचून दाखवण्याचे काम कोळ्याच्या मुलाकडे पहिले यावे. होडीवर जाणे वेगळे आणि होडीचा हिशेब समजून घेणे वेगळे. डिझेल, बर्फ आणि लिलावातला भाव यांवरून एका फेरीत हाती काय उरते आणि त्याचे वाटे कसे पडतात. दलालाकडून उचल घेतली असेल तर भाव ठरवताना मालकाचा आवाज किती उरतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत घर कशावर चालते, आणि ती बंदी माशांच्या विणीच्या काळाशी कशी जोडलेली आहे, या प्रश्नांत गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र तिन्ही आहेत. हे समजलेला मुलगा होडीवर जाईलच असे नाही. तो मच्छीमार सोसायटीचा हिशेब तपासू शकेल, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकू शकेल, किंवा समुद्राशी काहीही संबंध नसलेले काम करील. निवड त्याची राहील.

आपण शाळेत जाऊन हे बोललात तर मला आनंद होईल. शिक्षकांना या गोष्टी कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. पुढच्या वेळी मुलांना लिलावाची बोली आपण स्वतः समजावून सांगितली, आणि ती समजावताना आपला मुलगा वर्गातल्या मुलांबरोबर वही घेऊन बसलेला असला, तर तो मागे उभा राहील असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात दहावीत शिकते. गेल्या वर्षी आमचा सहा जणांचा गट होता. काम आम्ही दोघींनी केले आणि गुण सहाही जणांना सारखे मिळाले. सरांना सांगितले तर मैत्रिणी रागावतात. काय करावे?

उत्तर : बाळ, तुझी तक्रार रास्त आहे, आणि ती सोडवणे तुझ्याकडे नव्हे, तुझ्या सरांकडे आहे. तू त्यांना कोणाचेही नाव न घेता दोन गोष्टी सुचवू शकतेस. पहिली, गट चौघांहून मोठा नसावा. दुसरी, गटाची एक वही असतेच, पण त्याशिवाय प्रत्येकाची स्वतःची वही असावी, आणि प्रत्येक दुपारी शाळा सुटण्यापूर्वी त्यात तीन ओळी लिहाव्यात : आज मी काय केले, कशाशी अडले, उद्या काय करणार. वही सरांनी आठवड्याला पाहावी. शेवटी सरांनी गटातल्या कोणालाही बोट दाखवून कामातला कोणताही भाग विचारावा. निम्मे गुण गटाला आणि निम्मे त्या उत्तराला. ज्याने काम केले नाही त्याला ते बोट आपल्याकडे वळण्याची भीती वाटते, आणि मग तो दुसऱ्या आठवड्यापासून जवळ येऊन विचारू लागतो. त्या वेळी मात्र त्याला सांगायला तुम्ही दोघींनी कंटाळू नये.

तुझी वही तू आतापासूनच लिहायला घे, कोणी मागितली नाही तरी.